बैलांच्या बादलीतले हुलगे

हे लिहिणार नव्हतो. खरंच. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. म्हणलं हसतात लोक तर हसूद्यात, आपल्याला काय. पण परवा भोरहून येताना एसटीत मागच्या सीटवर दोघं बोलत होते, "हिर्डोशीच्या वरच्या वाडीत एक पोरगं हाय, फळं खाऊन खाऊन चिखलात मेलं म्हणं."

मेलं! आणि मी पुढच्या सीटवर, मांडीवर केळ्यांची पिशवी.

मागं वळून म्हणलं, "मेलं न्हाई, हितं बसलंय."

मग मी त्यांना एकेक केळं दिलं. खाल्लं त्यांनी मुकाट्यानं.

तर आता लिहितोच. आमच्या वाडीत रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर येते. तिथं बसून लिहितोय. पाऊस आला की मोबाईल पिशवीत, त्यामुळं तुकड्यातुकड्यात होणार, सांभाळून घ्या. शाळा दहावीपर्यंत. बाकी जे काय येतंय ते या मोबाईलवर शिकलोय, आणि त्यात चुकीचंबी शिकलोय. ते पुढं येईलच.

मी स्वरूप. आधी हे फळांचं खूळ कुठनं आलं ते सांगतो, कारण सगळ्यांना वाटतं मी कुणाचा तरी व्हिडिओ बघून बिघडलो. व्हिडिओ नंतर बघितले. आधी शिवरे.

शिवऱ्याला हायवेच्या कडेला एक हॉटेल हाय, नाव न्हाई सांगत. तिथं मी वडे तळायला होतो. तेल काळं झालं तरी बदलायचं न्हाई, वरनं नवीन ओतायचं. दिवसभर त्या कढईवर तोंड. खाणंबी तिथलंच. पोटात अशी आग पडायची की पाणी प्यालं तरी चटका बसल्यासारखं. गोळ्या घेतल्या की दोन दिवस बरं, परत तेच. होळी झाली आणि काम सोडून घरी आलो. आल्यावर बांधावर आंबा, दारात फणस, माळावर करवंदं. भाकरी बघितली तरी नको वाटायचं, म्हणून भूक लागली की झाडाखाली. असं करत करत एक दिवस लक्षात आलं, छातीतली जळजळ बंद झालीय. कधी झाली तेबी आठवत न्हाई.

मग ठरवलं. आता हेच. फळं, आणि जे काय खाईन ते कच्चं. चुलीवरचं, तेलातलं, शिजवलेलं बंद.

माझ्या पोटाचं सांगतोय हां. तुमच्या पोटाचं तुमी बघा.

आईनं आधी हसून घेतलं. मग रडून घेतलं. मग म्हणायला लागली, "एकटीसाठी चूल पेटवू व्हय मी? तू आपला झाडावरच ऱ्हा. कपडे कशाला घालतोस?" आबा, म्हणजे माझे वडील, शिरवळला कंपनीत वॉचमन हायेत, सुट्टीला येतात. ते फोनवर म्हणले, "त्याला डॉक्टरकडं न्या. पोटाच्या न्हाई, डोक्याच्या."

आणि बंटी.

बंटी माझा लहानपणापासूनचा दोस्त. दुधाचा टेम्पो चालवतो, रोज सकाळी भोरला जातो, येताना तिथल्या जिममध्ये दंड फुगवून येतो. 'प्रोटीन' हा शब्द आमच्या वाडीत त्यानंच आणला. त्याच्या घरी पावडरीची एक काळी बरणी हाय, त्याच्या आईनं एकदा त्यातली पावडर पिठात मिसळून भाकरी केली होती. तो शब्द आता वाडीत म्हातारीकोतारीबी वापरतात.

"प्रोटीन कुठनं येणार रं तुला?" बंटी.

"फळात असतं."

"फळात पाणी असतं, मर्दा."

"उंबरात लई असतं. मोबाईलवर बघितलंय."

"उंबरात किडं असत्यात! फोडून बग की. निम्मं मटणच हाय आत."

झालं. दुसऱ्या दिवसापासून पारावरनं जाईन तिथं, "काय स्वरूप, आज किती किडं झालं?" मी उंबर फोडून, झटकून, फुंकून, जरा वेळ उघडं ठेवून खातो. किडे उडून जातात. पण हे कुणाला सांगायचं?

मला राग यायचा तो किड्यांचा न्हाई. राग यायचा की जो माणूस दिवसातनं दहा चहा पितो आणि चहातच बिस्कीट बुडवून जेवण उरकतो, तोबी मला प्रोटीन विचारतो. स्वतःला कधी विचारलं न्हाई. म्हणून मी ठरवलं हिशोबच करायचा. वजन अठ्ठावन्न किलो. मोबाईलवर लिहिलंय किलोला पाऊण-एक ग्रॅम प्रोटीन रोज लागतं. म्हणजे पन्नासच्या आत-बाहेर. केळ्यात थोडं, फणसात थोडं, आणि उंबरात सगळ्यात जास्त. उंबर म्हणजे अंजिराचाच भाऊ, म्हणून अंजिराचा आकडा लावला. बेरीज पन्नासच्या वर गेली. लई खूश झालो. बंटीच्या तोंडावर मोबाईल धरला. तो म्हणला, "आकडं कागदावर असत्यात, दंड अंगावर असत्यात," आणि शर्टाची बाही वर केली.

आषाढात माझा शर्ट सैल झाला होता. जिना चढल्यासारखा दम नुसतं पाणी आणताना लागायचा. सकाळी उठलं की डोळ्यापुढं चांदण्या. बंटीनं विचारलं की म्हणायचो, "बरं हाय."

हिशोब बरोबर होता ना माझा. मग बरंच असणार.

आता इर्जिकीचं सांगतो, न्हाईतर पुढचं कळणार न्हाई.

आमच्याकडं भाताची लावणी इर्जिकीनं होते. एकेका दिवशी सगळी वाडी एकेकाच्या खाचरात उतरते. पुरुष बैल घालून चिखल करतात, बायका रोप लावतात. मजुरी कुणी मागत न्हाई, कुणी देत न्हाई. ज्याचं शेत त्यानं संध्याकाळी पंगत घालायची, मटण-भाकरी-भात. माळकरी असला तर त्याला वेगळं पिठलं. जो राबला आणि जेवला, त्याच्या खाचरात मग या घरानं उतरायचं. जेवण म्हणजेच पावती समजा. राबून न जेवता गेला तर त्यानं घराचा अपमान केला, आणि त्याचा दिवस धरत न्हाईत.

आमच्याकडं बैल न्हाईत. आबा शिरवळला. तीन खाचरं, आई आणि मी. इर्जिक न्हाई आली तर रोप तसंच उभं राहून म्हातारं होणार, आणि म्हातारं रोप लावून भात येत न्हाई. वर्षाचा भात हितलाच.

पहिली इर्जिक हनुमंत तात्यांची. वाडीत तात्यांचा शब्द शेवटचा. बैलजोडीबी त्यांची सगळ्यात चांगली.

सकाळपास्नं मी नांगराला होतो. खाचरात गुडघ्यापर्यंत चिखल, पाय काढायचा म्हणजे कुणीतरी खालनं धरून ठेवल्यासारखं. नाष्ट्याला सगळ्यांनी भाकरी-ठेचा खाल्ला, मी बांधावर बसून केळी आणि उंबरं. तात्या बघत होते.

ऊन-पाऊस खेळत होता. तिसऱ्या खाचरात वळण घेताना बैल फिरले, मी न्हाई फिरलो. बस. एवढंच आठवतंय. पुढं आठवतंय ते तोंडात चिखल, आणि बंटी मला काखेत धरून बांधावर ओढतोय, आणि मागनं कुणीतरी ओरडतंय, "वानर पडलं रं, वानर पडलं!"

बंटी हसत नव्हता. तेवढं एक लक्षात राहिलं.

संध्याकाळी पंगत. ओसरीवर पुरुष, आत माजघरात बायका. तात्यांची बायको ठकुकाकी, तिनं स्वतः ताट आणलं. तांबडा रस्सा, भाकरी. मी हात जोडले.

"काकी, मी न्हाई खात शिजलेलं."

"आरं, मग पिठलं टाकते."

"तेबी शिजलेलंच ना काकी."

तात्या समोर बसले होते. म्हणले, "स्वरूप, दिवसभर राबलास. दुपारी पडलास. दोन घास खा, मग आपलं उद्यापास्नं झाडावर चढ."

"तात्या, तुमच्या घरचं खातो. पण कच्चं काय असंल ते द्या."

"कच्चं काय देऊ? तांदूळ?"

सगळे हसले. आणि तेव्हा मला गोठ्याच्या दाराशी बादली दिसली. भिजवलेले हुलगे, म्हणजे कुळीथ, मोड आलेले. चिखलणीच्या दिवसात बैलांना ताकदीला देतात ते. मी उठलो, गोठ्यात गेलो, ओंजळभर हुलगे घेतले, नळाखाली धुतले, पत्रावळीवर टाकले आणि पंगतीत येऊन बसलो. खायला लागलो. कडक होते, पण गोड लागत होते.

आधी कुणाला कळलंच न्हाई काय झालं. मग कळलं.

"आरं, बैलाचं खातोय त्यो!"

असा हशा झाला की आतनं बायका बघायला आल्या. मी म्हणलं, "हसा. दिवसभर नांगर ओढला कुणी? हेच खाऊन ओढला ना बैलांनी?"

"बैलाला चार पोटं असत्यात, लेका," बंटी म्हणला. "तुला एकच हाय, तेबी खराब."

मलाबी हसू आलं. पण तात्या हसले न्हाईत. ताटावरनं हात मागं घेतला त्यांनी.

"माज्या पंगतीत माणूस बैलाचं खातो," तात्या म्हणले. "उद्या हिर्डोशीत सांगत्याल, हनुमंताकडं मटण पुरलं न्हाई, पोरांना पेंड वाढली. उठ."

"तात्या, तुमच्या घरचंच हाय ना हे?"

"उठ म्हणलं ना. तुज्या घराचा दिवस धरत न्हाई मी. ज्याला माज्या हातचं जेवण चालत न्हाई, त्याच्या खाचरात माजं बैल चालत न्हाईत."

मी पत्रावळ घेऊन उठलो. अंगणात उभं राहून उरलेले हुलगे संपवले. सगळ्यांच्या देखत. टाकून द्यायचे न्हाईत, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी आई रोपाच्या वाफ्याजवळ उभी होती. रोप हिरवंगार, वीतभर वर आलेलं, वाऱ्यानं हलत होतं.

"बग किती चांगलं उगावलंय," म्हणली. "जा तात्यांकडं. एक घास खा. एका घासानं मरत न्हाई कुणी."

"आणि दुसऱ्या घासाला काय म्हणशील?"

"मग तू नांगर धर आणि मी बैलाच्या जागी उभी ऱ्हाते. चालंल?"

टेकाडावर गेलो.

बंटी आधीच तिथं. मोबाईल मागितला माझा. "दाव तुजा हिशोब. काल तू पडलास तवा तुजं डोळं पांढरं झालतं. म्या बगितलंय. आकडा बरोबर असंल तर माणूस असा पडत न्हाई."

दाखवला. तो एकेक ओळ बघत गेला. उंबरापाशी आला, थांबला. ज्या पानावरनं मी आकडा घेतला होता ते उघडलं. चित्र मोठं केलं.

"हे काय रं?"

"अंजीर."

"कसलं अंजीर? हे सुतळीत ओवलेलं हाय. भोरला ड्रायफ्रूटच्या दुकानात टांगलेलं असतं ते. सुकं अंजीर हाय हे, येड्या. तू झाडावरनं वलं उंबर खातोस."

मी मोबाईल हिसकला. बघितलं. खरंच, सुतळी. इतके दिवस त्या चित्राकडं बघतोय, सुतळी दिसली न्हाई. खाली जाऊन ओल्या अंजिराचा आकडा शोधला. पाव हिस्सासुद्धा नव्हता. पाणीच सगळं. मग फणस. फणसाला मी आठळ्यांचाबी आकडा जोडला होता. आठळ्या खाल्ल्या कुणी? आईनं, चुलीत भाजून.

नवीन बेरीज केली. वीस-बावीस. लागतात पन्नास.

बंटी म्हणला, "झालं. आता चल, अंडी आणू."

आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी उठून उभा राहिलो आणि ओरडलोच. "न्हाई! हिशोब चुकला माझा. पोट चुकलं न्हाई. चार महिने जळजळ न्हाई मला, ते खोटं हाय का? आकडा कमी पडतोय ना? मग आकडा वाढवतो. पण तात्या म्हणतात म्हणून न्हाई, तू म्हणतोस म्हणून न्हाई. आणि कढईतलं तर न्हाईच न्हाई."

"बस खाली. परत पडशील."

बसलो. बसून शोधायला लागलो. कच्चं खाता येईल असं, हितं मिळेल असं. आणि पहिलंच काय निघालं असंल? हुलगे. शंभर ग्रॅम कोरड्या हुलग्यात वीसच्या वर प्रोटीन. शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास, भिजवून खाल्ले की झालं. शेंगदाण्याची शेंग जमिनीत लागते, पण हाय ती झाडाचं फळच. मोड आलेली मटकी. म्हणजे पंगतीत रागानं जे उचललं होतं तेच पाहिजे होतं मला. मी नुसतं चिडून खाल्लं होतं, शहाणपणानं न्हाई. बैलाला माहीत होतं, मला न्हाई.

बंटीनं कपाळाला हात लावला. "म्हंजी हा आता खरंच बैलाचं खाणार."

त्याच संध्याकाळी फडक्यात हुलगे बांधले. पहिले दोन दिवस पोट ढोलासारखं झालं, आईनं मला पडवीत झोपायला पाठवलं. मग मोड जरा लांब येऊ दिले, थोडे थोडे खाल्ले, सकाळी शेंगदाणे, दुपारी मटकी, बाकी फळं. पोट बसलं.

पण रोप थांबणार नव्हतं. मी आणि बंटीनं कुदळीनं एक कोपरा खणून बघितला. दुपारपर्यंत दोन माणसं झोपतील एवढी जागा झाली. असं तीन खाचरं म्हणजे दिवाळीच. वाडीत एकेकाच्या इर्जिकी होत होत्या. आई सगळीकडं जात होती, लावत होती, जेवून येत होती. पण तात्यांनी दिवस धरला न्हाई म्हणून आमच्या खाचरात यायचं कुणी नाव काढत नव्हतं, आणि मला तर कुणी बोलवतच नव्हतं.

आणि एक दिवस ती चंद्राबाईच्या इर्जिकीवरनं आली, हात पुसत म्हणाली, "मटणात मीठ जास्त झालतं आज."

मी दारात बसलो होतो. तिच्याकडं बघतच राहिलो.

"आई, तात्यांच्या इर्जिकीला तू जेवली होतीस?"

"मग? दिवसभर वाकून रोप लावलं, जेवू नको?"

मी चप्पलसुद्धा घातली न्हाई. तसाच तात्यांच्या दारात.

तात्या ओसरीवर बैलाचा दोर वळत होते. मान वर केली न्हाई. "जेवायला आलास का?"

"न्हाई. बोलायला आलोय. तात्या, इर्जिक माणसाची असती का घराची?"

"घराची."

"घरातला एक जेवला की घर जेवलं, का न्हाई? बंटीचे आजोबा आजारी होते, एकटा बंटी जेवून गेला, तेव्हा तुमी त्यांच्याकडं गेला होता."

"गेलतो."

"मग माझी आई तुमच्याकडं राबली. तुमच्याकडं जेवली. आमच्या घराचा दिवस तुमी कसा धरत न्हाई?"

तात्यांचा हात थांबला. "ती बायकांची पंगत. बायकांचं धरत न्हाईत."

"असं व्हय?" आतनं आवाज आला. ठकुकाकी. उंबऱ्यात येऊन उभी राहिली, हाताला पीठ. "बायकांचं धरत न्हाईत? बरं झालं सांगितलंसा. मग बायकांनी लावलेलं बी धरू नगा. परवा खालच्या आळीत इर्जिक हाय, सांगते सगळ्यांना. पुरुषांनी चिखल करायचा आणि पुरुषांनीच वाकून रोप लावायचं. बगू कुणाची कंबर ऱ्हाती."

"तू आत जा."

"जाते की. मला काय? ह्याची आई रत्ना माज्या पंगतीत माज्या हातचं जेवली, दोनदा रस्सा मागून घेतला तिनं. ते जेवण न्हवतं तर काय होतं? आणि ह्यो पोरगा माज्या गोठ्यातलं खाऊन गेला, ते तरी कुणाच्या बापाचं होतं?"

आपण मधी बोलायचं न्हाई एवढी अक्कल हाय मला.

तात्यांनी दोराला गाठ मारली. मग म्हणले, "येतो. सोमवारी. पण एक ऐक. पहिला नांगर तू धरायचा. दुपारपातूर. आमचं बैल, पण नांगर तुजा. पडलास, तर संध्याकाळी माज्या शेजारी बसून भाकरी खायाची. सगळ्यांच्या देखत."

"आणि न्हाई पडलो तर?"

"तर मग काय खायचं ते खा. मला काय विचारतोस?"

"चालंल," मी म्हणलं.

हिथं खरं सांगतो. थोड्या दिवसांच्या हुलग्यानं काय माणूस पैलवान होत न्हाई. कुणी सांगत असंल तर खोटं हाय. मला फक्त चांदण्या दिसायच्या बंद झाल्या होत्या आणि पाणी आणताना दम कमी लागत होता. बाकी जे होतं तो हट्ट.

सोमवारी सगळी वाडी आमच्या खाचरात. खिशात भिजवलेले शेंगदाणे, बांधावर केळी. पहिलं खाचर झालं. दुसरं अर्धं झालं आणि मांड्या पेटल्या. बंटी शेजारच्या नांगराला होता, मुद्दाम जवळ. पुटपुटत होता, "हळू घे. पाय आडवा टाक. बैलाला पुढं जाऊ दे, त्येच्याशी शर्यत न्हाई तुजी." बांधावरनं कुणीतरी म्हणलं, "वानर अजून उभंय रं!" मी म्हणलं, "बसल्यावर सांगतो, तवर फेऱ्या मोजत ऱ्हा." एकदा पाय पार रुतला, गुडघा टेकला. सगळे थांबले. तात्याबी. मी नांगराची मूठ सोडली न्हाई, तिलाच धरून वर आलो. गुडघा टेकणं म्हणजे पडणं का, यावर बांधावर भांडण सुरू झालं. ठकुकाकी रोपाच्या रांगेतनं वाकल्या वाकल्याच ओरडली, "नमस्कार केला त्यानं शेताला! चला, हाणा बैल!"

दुपार झाली. नांगर तात्यांच्या हातात दिला, बांधावर जाऊन बसलो. बसलो म्हणजे, उठता येत नव्हतं म्हणून बसलो. बंटीएवढं काम माझ्यानं झालं न्हाई. बंटी संध्याकाळपर्यंत होता, मी दुपारपर्यंत. पण पडलो न्हाई. तिन्ही खाचरं लागली. संध्याकाळी आई ओळीनं उभं रोप बघत बांधावरनं दोनदा फिरून आली.

पंगत आमच्या ओसरीवर. मटण आईनं केलं, वाढलं मी. प्रत्येकाला आग्रह करून. माझ्या हातानं रस्सा वाढायला मला काय त्रास न्हाई. तुमचं तुमी खा, माझं मला खाऊद्या, एवढंच तर म्हणतोय कधीपासनं. शेवटी माझं पान घेऊन तात्यांच्या शेजारी बसलो. मोड आलेले हुलगे, केळी, चार उंबरं.

तात्यांनी बघितलं. हात लांब करून माझ्या पानातले चार हुलगे उचलले, तोंडात टाकले, चावत राहिले.

"मीठ न्हाई?"

"न्हाई घालत."

"आमी बैलाला बी मीठ घालतो," तात्या म्हणले, आणि परत रश्श्यात भाकरी बुडवली.

हसले सगळे. मीबी. पण परत कुणी मला उठ म्हणलं न्हाई.

आता वाडीत सांगतात, तात्यांनी मला माफ केलं. माफ कशाबद्दल? मी काय चोरी केली? दुसरे सांगतात मी फळं खाऊन मेलो. तिसरे सांगतात फळांनी मला बैलाची ताकद आली. तिन्ही खोटं. फळांनी पोट बरं झालं, फळांनीच अंग वाळलं, आणि हुलग्या-शेंगदाण्यांनी ते सावरायला लागलंय. एवढंच खरं, आणि ते कुणाला सांगायला मजा येत न्हाई म्हणून मी लिहिलं.

काल बंटी टेकाडावर आला होता. हे वाचत होता माझ्या खांद्यावरनं. म्हणला, "सगळं लिहिलंस. मी घाबरलो होतो ते लिहिलं न्हाईस."

"तू कधी घाबरलास?"

"तू चिखलात पडलास तवा. तुला वढताना तू लई हलका लागलास. माज्या दुधाच्या कॅनपेक्षा हलका." मग म्हणला, "वेल्ह्याच्या माज्या मावसभावाला बी-बारा व्हिटॅमिन कमी झालतं, पाय बधिर पडलं. त्यो तर दूध पीत होता. तू दूधबी पीत न्हाईस. ते हुलग्यात असतं का?"

शोधलं. न्हाई. फळातबी न्हाई.

खाली आमच्या खाचरात रोपानं मुळं धरलीत, पिवळेपणा जाऊन हिरवं झालंय.

तर बंटी, काल तोंडानं बोललो न्हाई, आता लिहून देतो, म्हणजे मला पुसता येणार न्हाई. भाकरी मागू नको, कढई दाखवू नको, तुझी काळी बरणी तुझ्याकडं. पण येत्या आठवड्यात तुझ्या टेम्पोत तुझ्या शेजारी बसून भोरला येतो. सरकारी दवाखान्यात रक्त देतो. कागदावर जे येईल ते आधी तुला दाखवीन, आवडलं न्हाई तरी. कमी असंल तिथं भर घालीन, गोळी लागली तर गोळी घेईन. आणि परत कधी डोळ्यापुढं चांदण्या आल्या, तर तू विचारल्यावर "बरं हाय" म्हणणार न्हाई. शब्द देतो.